पन्हळीखालचं पिंप: बागेसाठी पावसाचं पाणी कसं साठवता?

पाऊस तोंडावर आलाय. गच्चीवरच्या बागेला पाणी कुठलं घालायचं यावरून दर मे महिन्यात आमच्या सोसायटीत वाद होतो, म्हणून हा धागा. ज्यांनी पावसाचं पाणी खरोखर साठवून झाडांना घातलंय त्यांनी लिहा. भाषणं नकोत. पाइप कुठून वळवला, डासांचं काय केलं, पाणी कधीपर्यंत पुरलं, एवढं सांगा.

सुरुवात मीच करतो, पुण्याहून. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्चीचा साधारण ५० चौरस मीटर भाग माझ्या पाइपाला उतरतो, म्हणजे ४ मिलिमीटरची सर आली की २०० लिटरचं निळं पिंप काठोकाठ. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरा, ३५ हजार लिटर होतात! ऐकायला झकास. पण यातलं बहुतेक पाणी जून ते सप्टेंबरात येतं, नेमकं कुंड्यांना नको असतं तेव्हा. मे महिन्यात माझ्या कुंड्या दिवसाला ४० लिटर सहज पितात, म्हणजे भरलेलं पिंप पाच दिवसांचं. माझ्या मते पिंप हे पावसाळ्यातल्या उघडिपीसाठी आणि फार तर ऑक्टोबरच्या उन्हासाठी. बाकीचं पाणी आम्ही बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडतो. महापालिका मालमत्ता करात सवलत देते ती वेगळीच.

लातूरहून

दादा, उघडीप हीच आमच्याकडची खरी अडचण आहे, त्यामुळे पिंपाला नावं ठेवू नका. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते शहर आमचं. त्या उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणीही बादलीत धरून तुळशीला जायचं.

मला मात्र पावसाच्या पाण्याचा गुण कळला तो मोगऱ्यावरून. आमच्या बोअरचं पाणी जड. कुंडीच्या काठावर पांढरा थर बसायचा, मोगऱ्याची नवी पानं पिवळी पडायची आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. माती अल्कधर्मी झाली की झाडाला लोह घेता येत नाही, असं नर्सरीवाल्या काकांनी सांगितलं. आता पिंपातलं पाणी मी मोगरा, अनंत आणि लिंबू यांच्यासाठी राखून ठेवते. जास्वंदीला बोअरचं चालतं, ती काहीही पचवते.

रत्नागिरीजवळच्या एका वाडीतून

पावसाची आमच्याकडं काय कमी? वर्षाला ३००० मिलिमीटर. तरी मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसतो. खाली जांभा, त्यात पाणी ठरतच नाही, उताराला लागून समुद्राला मिळतं. हापूसची नवी कलमं लावली की पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, आणि डोंगरावर हंड्यानं पाणी वाहायचं म्हणजे कंबर मोडते.

म्हणून कलमांच्या वरच्या अंगाला खड्डा मारला. आतले टोकदार दगड वेचून काढले, तळाला भाताचा पेंढा अंथरला आणि वर सिलपॉलिन, म्हणजे ताडपत्रीसारखा जाड प्लास्टिकचा कागद, टाकला. पेंढा हवाच, नाहीतर जांभ्याचा कोपरा कागद फाडतो. कडेचा कागद चरात दाबून वर माती. पाऊस संपला की वरून बांबू आणि झावळ्या टाकायच्या, नाहीतर निम्मं पाणी ऊनच पिऊन जातं. आमचे आप्पा वरून थोडं कडुलिंबाचं तेलही सोडतात, त्याचा तवंग धरतो.

आळ्यात पाणी ओतत नाही. प्रत्येक कलमाशेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरलंय, तळाच्या भोकात चिंधीची वात. मडकं भरायचं, वर करवंटी ठेवायची, आळ्यावर पालापाचोळा. पाणी मुळाशी झिरपत राहतं.

ठाण्याहून

डासांबद्दल कुणी बोलेना, म्हणून मी. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत डास उडायला लागतात. झाकण ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका, पाइप आत शिरतो त्या फटीतून तो सहज जातो. तिथं बारीक जाळी सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळून बांधा. वरून जादा पाणी बाहेर पडतं त्या तोंडालाही जाळी हवी, ती सगळे विसरतात. उघडा हौद असेल तर गप्पी मासे सोडा.

आणि एक, गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवणाऱ्यांनो, ते एक टन वजन आहे. स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, आधी इंजिनिअरला विचारा.

मेलबर्नहून

पुणेकर दादांचं गणित इथं उलटं होतं. पाऊस पुण्याहून जास्त नाही, पण बाराही महिने थोडा थोडा पडतो, त्यामुळे टाकी रिकामी होते आणि पुन्हा भरते. आधीच्या मोठ्या दुष्काळात, २००७च्या सुमाराला, इथं हिरवळीला नळाचं पाणी घालायला बंदी होती. तेव्हापासून परसात टाकी असणं ही नवलाई राहिलेली नाही. माझी मेथी आणि कढीपत्ता तिच्यावरच जगतात. मात्र जानेवारीत ४० अंशांच्या झळा आल्या की कढीपत्त्याला सावलीही लागते, नुसतं पाणी पुरत नाही.

पुन्हा पुण्याहून, धागाकर्ता

पहिल्या पावसाचं काय, असं दोघांनी निरोप पाठवून विचारलंय. ते पाणी घेऊ नका. कबुतरांची घाण, धूळ, पानं सगळं त्यात उतरतं. मी पाइपाला खाली टी-जोड आणि उभा बंद तुकडा लावलाय. पहिलं पाणी त्यात जातं, तो भरला की पुढचं पिंपाकडे वळतं. पाऊस थांबल्यावर तुकड्याचं बूच काढून रिकामा करायचा. लातूरच्या ताई, अनंताला पावसाच्या पाण्यानं कळ्या गळायच्या थांबल्या का? आमच्याकडे अजून गळतायत.

लातूरहून

कमी झाल्या, थांबल्या नाहीत. कुंडी सारखी हलवता का? अनंताला जागा बदललेली खपत नाही.