भावाला ४१व्या वर्षी अटॅक, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र नॉर्मल! मदत हवी आहे

रामबागकर: धाकट्या भावाची अँजिओप्लास्टी झाली. तंबाखू नाही, सिगरेट नाही. एलडीएल ८४. मग अटॅक आलाच कसा? एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी टेस्ट) २६ आणि लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉलचा कण, ११० आलंय. हे दोन आकडे खाली कसे आणायचे? लवकर सांगा, आईने जेवण सोडलंय.

लॅबवाली: रक्त अटॅकच्या आधी काढलं की नंतर? आणि ११० कोणत्या एककात? ५० मिग्रॅ किंवा १२५ नॅनोमोलच्या वर जास्त धरतात.

सराफाप्रेमी: सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत, इंदुरात दुसरं काय होणार! उपाशीपोटी लसूण द्या. आमच्या काकांचे ब्लॉकेज गेले.

लॅबवाली: काकांची अँजिओग्राफी परत केली होती का?

सराफाप्रेमी: कशाला? जिना चढतात आता, दम लागत नाही.

लॅबवाली: लायपोप्रोटीन (ए) बहुतांशी आई-वडिलांकडून येतं. लसणाने हलत नाही, स्टॅटिननेही (कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांनीही) कमी होत नाही.

मेडिक्लेमवाले: डिस्चार्जआधी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवा.

रामबागकर: मेडिक्लेम नाहीये हो. रक्त अटॅकनंतर तिसऱ्या दिवशी काढलं. मिग्रॅ लिहिलंय. वडील ४९व्या वर्षी झोपेतच गेले, पण तेव्हा याला काहीच नव्हतं. स्टॅटिनने कमी होत नाही तर बंद करू का?

लॅबवाली: अजिबात नाही! अटॅकनंतर एलडीएल आपोआप उतरतं आणि सीआरपी चढतो, म्हणून ८४ आणि २६ दोन्हींवर विसंबू नका. दीड-दोन महिन्यांनी परत करा. ११० मात्र खरं धरा, ते जन्मभर साधारण तेवढंच राहतं. ते हटत नाही म्हणूनच एलडीएल आणखी दाबायचं, अटॅक येऊन गेलेल्यांचं ५५च्या खाली. एलडीएल धमनीच्या भिंतीत शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून तिथेच अडकतात, आतून सूज धरते. वरचं आवरण फाटलं की गुठळी. वडिलांचं ऐकून तर तुम्हीही तपासून घ्या, भावाची मुलंही.

विजयनगर_४५२: सुजेवर कोल्चिसिनची गोळी आहे ना! मेव्हण्यांना रोज अर्धा मिग्रॅ चालू आहे. डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लॅबवाली: मेव्हण्यांचा अटॅक जुना असेल. २०२०च्या चाचणीत स्थिर रुग्णांना फायदा दिसला, २०२४च्या चाचणीत ताज्या अटॅकवाल्या सात हजारांत दिसला नाही. किडनी नाजूक असेल तर धोकाही आहे.

विजयनगर_४५२: मेव्हणे ठणठणीत आहेत, एवढंच सांगतो.

रामबागकर: माझी टेस्ट उपाशीपोटी करायची का?

लॅबवाली: लायपोप्रोटीन (ए)साठी गरज नाही. एकदाच करायची.