मदत हवी आहे: मांजरीचा डोळा लाल झालाय, धड उघडत नाहीये. घरातले ड्रॉप घातले तर चालतील का?

मागीलदार:
नमस्कार मंडळी, घाईत लिहित्ये, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमची कवडी, तिरंगी मांजरी, वर्षाची होत आली, तिचा डावा डोळा परवापासनं लाल झालाय आणि सारखं पाणी गळतंय. आधी वाटलं गवतात तोंड घातलंन असेल, पावसात आमच्या परड्यात रान किती माजतं ते कोकणातल्यांना सांगायला नको, पण आज सकाळी बघत्ये तर डोळा अर्धाच उघडतेय, नाकाकडच्या कोपऱ्यातनं पांढरट पडदा वर आलाय आणि खालची पापणी जरा ओढून बघितली तर आतली कातडी जांबासारखी गुलाबी नि पाणी भरल्यागत टम्म. उजव्या डोळ्याला काही नाही. खातेय, पण बांगड्याचं डोकं समोर टाकलं तरी नुसती हुंगत बसतेय, एरवी असं करणारी ती नव्हे. दिवसभर माजघरात पेटाऱ्यामागे काळोखात जाऊन बसते.

अजून एक, हल्लीच नवऱ्याने बंदरावरनं एक पिल्लू उचलून आणलंन. ते शिंकतं आणि त्याचे दोन्ही डोळे रोज सकाळी चिपडांनी चिकटलेले असतात, मी कोमट पाण्याने पुसत्ये मग उघडतात. दोघं एकाच ताटलीत खातात.

आता प्रश्न. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाची ड्रॉपची बाटली अर्धी शिल्लक आहे. त्या म्हणतायत दोन थेंब टाक, माणसाला चालतं ते मांजराला का नाही. बाटलीवर मॉक्सिफ्लोक्सासिन आणि डेक्सामेथासोन लिहिलंय. टाकू का? तालुक्याचे गुरांचे डॉक्टर आज कँपला गेलेत, चिपळूण लांब पडतं, आणि गणपती तोंडावर, मुंबईकर यायला लागतील. लवकर सांगा प्लीज.

सुपारीबाग:
नको गो बाई. डेक्सामेथासोन म्हणजे स्टिरॉइड. बुबुळावर जखम असेल आणि त्यावर स्टिरॉइड पडलं तर जखम भरायची सोडून खोल जाते. बाकीचं जाणकार सांगतील, पण ती बाटली आधी कपाटात ठेव.

निवांत७२:
इतकं घाबरण्यासारखं नसतं हो. आमच्याकडे पाच मांजरं होती, डोळे यायचे, आठ दिवसांत आपोआप जायचे. गुलाबपाण्याचे दोन थेंब नाहीतर निरसं दूध घालायचं, थंड पडतो डोळा. आमची आई तगरीच्या फुलाचा रस पण पिळायची.

सुपारीबाग:
काका, दूध डोळ्यात घालून जंतूंना नाश्ता कशाला देताय :) आणि बाजारच्या गुलाबपाण्यात सेंट असतं निम्म्या वेळा.

आंबोलीघाट:
ताई, जरा तपासून सांगा. १) उजेडात आणून बघा, दोन्ही बाहुल्या सारख्या बारीक होतायत का? २) बुबुळ काचेसारखं चकचकीत दिसतंय की कुठे धुरकट? ३) पंजाने डोळा घासते का? ४) चिकट पिवळं-हिरवं येतंय की नुसतं पाणी? फोटो काढताना फ्लॅश नका मारू, तिला त्रास होईल.

मागीलदार:
बघितलं. बाहुल्या दोन्हीकडे सारख्याच वाटतायत. बुबुळ तसं स्वच्छ आहे पण तिरकं धरलं की खालच्या बाजूला एक ठिपका मंद दिसतो, ओल्या काचेवर बोट फिरवल्यावर राहतं तसं. नुसतं पाणी येतंय, जरासं तपकिरी. आणि हो, पंजा चाटून डोळ्यावरनं फिरवते पण अर्ध्यात थांबते.

घाटमाथा_व्हेट:
मी पशुवैद्य आहे, शिरवळच्या कॉलेजला शिकलो, आता लहान प्राण्यांचीच प्रॅक्टिस करतो. इथे बसून निदान होत नाही हे आधीच सांगतो, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात सगळ्यात महत्त्वाचं 'लाल' नाहीये, 'उघडत नाही' आणि 'काळोखात बसते' हे आहे. नुसते डोळे आले असतील तर मांजर डोळा बऱ्यापैकी उघडा ठेवतं. डोळा मिटून घेणं, उजेड टाळणं म्हणजे दुखतंय, आणि दुखणं बहुतेकदा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं नाहीतर डोळ्याच्या आतल्या भागाचं असतं. त्यात तो मंद ठिपका. तेव्हा आज नाही तर उद्या सकाळी दाखवाच, आपोआप जाईल म्हणून थांबू नका. निवांत काका म्हणतात तसं साधं व्हायरसचं आठ-पंधरा दिवसांत जातं हे खोटं नाही, पण ते कोणतं आणि हे कोणतं हे घरी कळत नाही.

मांजरांत डोळे येण्यामागे नेहमीचे दोघे तिघे असतात. पहिला मांजरांचा हर्पिस व्हायरस, त्याने शिंका येतात, डोळे लाल होतात आणि बुबुळावर व्रण, म्हणजे उघडी जखम, पडू शकतो, कधी झाडाच्या फांद्यांसारखा बारीक. दुसरा क्लॅमिडिया नावाचा जंतू, त्यात आतली कातडी खूप फुगते, बऱ्याचदा एका डोळ्यात सुरू होऊन काही दिवसांनी दुसऱ्यात जातो. कॅलिसी व्हायरस आणि मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू पण असतात. तुमच्या पिल्लाकडून कवडीला आलं असण्याची शक्यता दाट आहे, पण उलटंही असू शकतं. हर्पिस एकदा अंगात गेला की चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी जन्मभर दडून बसतो, आणि ताण आला की डोकं वर काढतो. नवीन मांजर घरात आलं हा मांजरासाठी पुरेसा ताण असतो.

आता तुमच्या बाटलीबद्दल. मोतीबिंदूनंतर माणसाला ते ड्रॉप सूज कमी व्हावी म्हणून देतात, तिथे ते बरोबरच आहेत. पण स्टिरॉइड त्या जागची प्रतिकारशक्ती दाबतं, त्यामुळे हर्पिस मोकाट सुटतो आणि व्रण असेल तर तो पार जाऊन डोळा फुटण्यापर्यंत वेळ येते. आमच्याकडे डोळ्यात फूल पडलेली मांजरं येतात त्यातल्या कितीतरी जणांना आधी घरी 'डी' नाहीतर 'डेक्सा' नावाचं काहीतरी घातलेलं असतं. शिवाय उघडलेली ड्रॉपची बाटली महिन्याभराने टाकूनच द्यायची असते.

डॉक्टरांकडे गेलात की एकच विचारा, फ्लोरेसिन स्टेन करणार का. नारिंगी रंगाची कागदी पट्टी असते, डोळ्याला ओली लावतात, निळ्या उजेडात व्रण असलेली जागा हिरवीगार चमकते. पट्टी स्वस्त असते, दोन मिनिटांचं काम. गुरांच्या दवाखान्यात नसेल तर माणसांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ही पट्टी हमखास असते, तिथनं मागवता येते.

आंबोलीघाट:
डॉक्टर, बाहुलीबद्दल मी विचारलं ते बरोबर ना? आमच्या बोक्याला आतून सूज होती तेव्हा एक बाहुली बारीक होऊन बसलेली आणि डोळ्याचा हिरवा रंग गढूळ झालेला.

घाटमाथा_व्हेट:
अगदी. बाहुली दुसरीपेक्षा बारीक आणि डोळा गढूळ म्हणजे आतली सूज. तिच्यामागे मार लागलेला असू शकतो, नाहीतर ल्युकेमिया व्हायरस, एफआयव्ही (मांजरांतला एड्ससारखा व्हायरस), एफआयपी (मांजरांच्या कोरोना व्हायरसने होणारा आजार), टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असलं काही, म्हणून रक्त तपासावं लागतं. उलट बाहुली मोठी होऊन उजेडातही बारीक होत नसेल आणि डोळा मोठा वाटत असेल तर आतला दाब वाढलाय. ह्या दोन्हीत त्याच दिवशी निघायचं, रात्र काढायची नाही.

वेंगुर्लेकार:
माझ्या माजराक असाच झाला होता. आधी डॉक्टराक दाखय, घरातला औषध डोळ्यात घालू नको. आणि दुखता म्हणान माणसांची क्रोसिन तर अजिबात देव नको, माजराक ती विखासारी.

घाटमाथा_व्हेट:
शंभर टक्के. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्यांच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही. ब्रुफेनसुद्धा नको.

मागीलदार:
बापरे, बरं झालं विचारलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मग माझ्या डोळ्यात कशाला घातलात, त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. आज रात्री मी काय करू?

घाटमाथा_व्हेट:
पाणी उकळून गार करा नाहीतर मेडिकलमधनं सलाइनची छोटी बाटली आणा. कापूस नको, तंतू सुटतात, गॉझ किंवा मऊ सुती कपडा. नाकाकडनं बाहेर एकदाच पुसायचं आणि तुकडा टाकून द्यायचा, दुसऱ्या डोळ्याला नवीन. पिल्लाची चिपडं ओढून काढू नका, ओला कपडा मिनिटभर धरून ठेवा, आपणहून सुटतात. बोरिक पावडर, मध, हळद, एरंडेल काही नको. दोघांच्या ताटल्या नि झोपायची पोती वेगळी, हात साबणाने धुवायचे, आधी कवडीचं करायचं मग पिल्लाचं. अगरबत्ती, धूप, चुलीचा धूर ह्यापासनं लांब.

सुपारीबाग:
डोळा घासू नये म्हणून गळ्याला कॉलर लागेल तिला. आमच्याकडे मिळत नाही तेव्हा जुन्या एक्सरेची फिल्म गोल कापून, कडेला चिकटपट्टी मारून, नाकापुढे दोन बोटं येईल एवढी करतो. न्यायला पिंजरा नसेल तर आंब्याचे दोन क्रेट एकमेकांवर उपडे घालून सुतळीने बांध, आत जुनं लुगडं, वरून चादर. एसटीत कंडक्टर कुरकुर करतील पण उतरवत नाहीत सहसा.

मागीलदार:
अपडेट देत्ये. शेवटी चिपळूणला नेली दोघांना, क्रेट आयडिया एक नंबर. डॉक्टरांनी ती पट्टी लावली आणि खरंच हो, खालच्या बाजूला मसुराच्या डाळीएवढं हिरवं चमकलं, मला स्वतः दाखवलंनी. व्रण वरवरचा आहे म्हणाले, हर्पिसचा संशय, पक्कं करायला स्वॅब मुंबईला पाठवावा लागेल आणि आता गरज नाही. कवडीला अँटिबायोटिक मलम, एक ॲट्रोपिनचा ड्रॉप (बाहुली मोठी करून दुखणं कमी करणारा) आणि कॉलर. पिल्लाला डॉक्सिसायक्लिन ह्या अँटिबायोटिकचं सिरप, ते थांबवायचं नाही, तीन-चार आठवडे पुरं करायचं असं बजावलंनी, आणि कवडीचा दुसरा डोळा लाल झाला तर तिलाही सुरू करायचं. मलमासाठी मी तिला टॉवेलात गुंडाळून मांडीत मागच्या बाजूने धरत्ये, तोंड समोरून आणलं की बिथरते. पापणी खाली ओढून तांदळाच्या दाण्याएवढं मलम आत सोडायचं, ट्यूबचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही.

मेडिकलवाल्याने लायसिनची पावडर पण सुचवलीन, हर्पिसवर चालते म्हणाला. घेऊ का? आणि नणंद गरोदर आहे, गणपतीला येत्ये, तिला काही धोका?

घाटमाथा_व्हेट:
लायसिनवर पैसे घालू नका. पूर्वी सगळेच द्यायचे, मीही लिहून दिलंय, पण २०१५ मध्ये आधीच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा निघाला त्यात काही फायदा दिसला नाही, उलट देणं बंद करा असाच सल्ला होता. माणसांच्या हर्पिसची ॲसायक्लोव्हिरची गोळी कुणी सुचवली तर तीही नको, मांजराला विषारी पडते. लागलंच तर फॅमसायक्लोव्हिर नावाचं व्हायरसवरचं औषध असतं, ते डॉक्टर ठरवतील.

नणंदबाईंना: मांजराचा हर्पिस माणसाला होत नाही. क्लॅमिडिया माणसाच्या डोळ्यात गेल्याच्या केसेस आहेत पण विरळा, हात धुतले की पुरतं. गरोदरपणात भीती टॉक्सोप्लाझ्माची, तो डोळ्यातनं नाही, शीमधनं येतो, आणि शी पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस जातो. म्हणून वाळूची पेटी रोजच्या रोज साफ करा आणि ते काम नणंदेला देऊ नका. परड्यात मातीत हात घालताना हातमोजे.

गर्दीच्या दिवसांत दोघांना एका खोलीत ठेवू नका. कवडीला तिचं पोतं, पाणी, पेटी सकट आतल्या खोलीत, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. फटाके, आरत्या, अनोळखी माणसं ह्या ताणातूनच हर्पिस परत उठतो.

मागीलदार:
अजून एक, घाबरून लिहित्ये. आत्ता तो ॲट्रोपिनचा थेंब टाकला आणि तिच्या तोंडातनं साबणासारखा फेस यायला लागला, मान झटकतेय. रिॲक्शन आहे का? परत चिपळूण धरू?

घाटमाथा_व्हेट:
नाही, थांबा. डोळ्यातलं औषध अश्रूंच्या नळीतनं नाकात नि घशात उतरतं आणि ॲट्रोपिन कडू जहर असतं. बरीचशी मांजरं असा फेस काढतात, पाच-दहा मिनिटांत थांबतं. तोंड पुसा, थोडं माशाचं पाणी चाटू द्या. बाहुली मोठी होऊन काही दिवस तशीच राहील, ते औषधाचंच काम आहे, त्यामुळे उजेड खुपेल. फेस थांबला नाही, तोंड सुजलं किंवा श्वास लागला तरच निघा.

मागीलदार:
थांबला. माशाचं पाणी प्यायली आणि आता पिल्लावर फिस्कारतेय. पिल्लाला लस कधी?

घाटमाथा_व्हेट:
औषध संपून डोळे स्वच्छ झाले की. ट्रायकॅटची (तीन रोगांवरची एकत्र लस), तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. लसीने लागण पूर्ण टळत नाही पण हर्पिस, कॅलिसी सौम्य राहतात. कवडीची राहिली असेल तर तिचीही त्याच फेरीत करून घ्या, आणि त्याआधी व्रण भरला का ते पट्टी लावून परत बघायला विसरू नका, डोळा उघडा दिसतोय म्हणून मलम मध्येच सोडू नका.