अनुभव धागा : अनुदान मिळाले, काम उभे राहिले, पुढे काय झाले?

जळगाव, छाननी समितीचा सदस्य (धागा सुरू करताना)

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी येथील एका छोट्या कौटुंबिक फाउंडेशनच्या छाननी समितीवर बिनपगारी काम करतो. एका उद्योजक कुटुंबाने बाजूला काढलेल्या मुदलाचे व्याज आणि त्यांच्याच कंपनीकडून येणारा सीएसआरचा (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी करायच्या खर्चाचा) वाटा, एवढ्यावर हे फाउंडेशन चालते. स्वतः कोणताही प्रकल्प न चालवता ते गावोगावच्या वाचनालयांना, शाळांना, महिला मंडळांना एकेका कामापुरते अनुदान देते. खानदेशाला ही रीत नवी नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी गिरणीतून आलेला पैसा शिक्षणाकडे आणि तत्त्वज्ञान मंदिराकडे वळवला. त्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी म्हणून विप्रोची सुरुवात झाली, आणि विप्रोच्या समभागांतून उभ्या राहिलेल्या निधीवर आज अझीम प्रेमजी फाउंडेशन देशभरातील संस्थांना अनुदाने देते.

आमच्या बैठकीत अंदाजपत्रक, तीन दरपत्रके आणि जागेची छायाचित्रे पाहिली जातात. धनादेश गेल्यानंतर उपयोगिता प्रमाणपत्र आले की फाईल बंद होते. दोन वर्षांनी त्या कामाचे काय झाले, हे आम्हाला बहुधा एखाद्या लग्नाच्या पंगतीत कळते. म्हणून ज्यांनी असे अनुदान घेतले, दिले किंवा जवळून पाहिले, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. नावे नकोत, तालुका आणि काम पुरेसे आहे.

चोपडा तालुका, वाचनालयाचे कार्यवाह

आमचे वाचनालय शासनमान्य 'ड' वर्गाचे आहे, म्हणजे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालील चार वर्गांतले शेवटचे. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी मागच्या खोलीत अभ्यासिका करावी, असा आमचा विचार होता. टेबले, खुर्च्या, पंखे, इन्व्हर्टर आणि खोलीची दुरुस्ती मिळून केलेला अर्ज फाउंडेशनला पसंत पडला, पण तो पैशासाठी नव्हे, तर कागदासाठी अडला. धर्मादाय कार्यालयातून काढलेल्या परिशिष्ट १ च्या (संस्थेच्या नोंदणीच्या) उताऱ्यावर आमच्या सात विश्वस्तांची नावे होती, आणि त्यांतील तिघे केव्हाच वारलेले होते. विश्वस्त बदलला की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्याकडे प्रत्येकाची शोकसभा झाली, ठराव वहीत सुरेख अक्षरात लिहिला गेला, परंतु बदल अर्ज एकदाही गेला नाही. मृत्यूचे दाखले, वारसांची पत्रे, विलंब माफीचा अर्ज आणि तारखा यांत अकरा महिने गेले. फाउंडेशनने तेवढे दिवस मंजुरी राखून ठेवली, हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

अभ्यासिका सुरू झाल्यावर खरी परीक्षा आमची झाली. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत दिवे आणि पंखे चालू राहू लागले आणि वीजबिल पहिल्याच उन्हाळ्यात तिपटीवर गेले. अनुदानात बिलाची तरतूद नव्हती. आवर्ती खर्च संस्थेने सोसावा, असे मंजुरीपत्रात स्पष्ट लिहिले होते, आणि आम्ही ते न वाचता सही केली होती. शासनाचे परिरक्षण अनुदान ग्रंथपालाचे मानधन आणि नियतकालिके यांनाच अपुरे पडते. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी अहिराणीत विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो : "पैसा त उनात, पन चाबी कोनाजोडे राही?" (पैसे तर आले, पण चावी कोणाकडे राहील?)

शेवटी चावी मुलांच्याच हाती दिली. दरमहा शंभर रुपये वर्गणी ठरली. ज्याला ती परवडत नाही, त्याने आठवड्यातून दोनदा झाडलोट करावी आणि रात्री मुख्य बटण बंद करून वहीत वेळ लिहावी, असे ठरले. ती वही आजही भिंतीला सुतळीने बांधलेली आहे. तीत एका रात्री कोणी तरी "११.४०, पाली दोन" अशी नोंद केलेली आहे. मुलींना रात्री आठनंतर येता येत नाही, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

यावल तालुका, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका

आमच्या शाळेला मुलींच्या स्वच्छतागृहासाठी अनुदान मिळाले. बांधकाम चांगले झाले. देणगीदाराच्या नावाचा फलक इतका मोठा आला की तो लावण्यासाठी खिडकीची जागा बदलावी लागली. पाण्याची टाकी भरण्यासाठी लागणारी मोटर मात्र अंदाजपत्रकात धरलेली नव्हती. ती आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून आणली. यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मुली वापरतात, हे महत्त्वाचे.

पारोळा तालुका, शेतकरी

नाला खोलीकरणाचा अनुभव सांगतो. आमच्या गावाला फाउंडेशनने पोकलेनचे भाडे दिले आणि डिझेल गावाने भरायचे ठरले. डिझेलची वर्गणी एकरी काढली. ज्याची विहीर नाल्याच्या काठी आहे, त्याने दुप्पट द्यावी, यावर दोन सभा मोडल्या आणि तिसरीत एकमत झाले. यंत्राचे पैसे तासावर असल्यामुळे यंत्रावरील तासांचा मीटर सकाळी आणि संध्याकाळी लिहून घेण्याचे काम माझ्या बारावीतल्या मुलाकडे दिले. चालक जेवायला बसला असतानाही इंजिन घरघरत राहते आणि मीटर पुढे सरकतो, हे त्याच्याच लक्षात आले. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळी किल्ली आमच्याकडे येऊ लागली. बिल आणि आमची वही यांत फरक पडला नाही, म्हणून फाउंडेशनने पुढच्या वर्षी आमच्या शेजारच्या गावाला न मागता विचारले.

तरीही एक चूक झाली. शिरपूर तालुक्यातील काम पाहून आलेले आमचे लोक तेवढेच खोल खणा म्हणून आग्रह धरून होते. तिकडे तापीच्या गाळाची जमीन आहे. वरचा मातीचा थर काढला की पाणी खाली झिरपते. आमच्याकडे आठ फुटांवर मुरूम संपला आणि काळा पाषाण लागला. त्याच्यावर आणखी दीड दिवस यंत्र घासत राहिले आणि फक्त दात झिजले. दुसरी गोष्ट अशी की काम माथा ते पायथा व्हायला हवे होते. वरच्या टेकडीवर चर आणि बांध नसल्यामुळे दोन पावसाळ्यांत नाल्यात पुन्हा हातभर गाळ आला. टेकडीच्या कामासाठी आम्ही अर्ज केला तेव्हा त्यात दाखवण्यासारखे काही नाही, असे सूचित करण्यात आले. भरलेल्या नाल्याचे छायाचित्र छापून येते, चराचे येत नाही. काढलेला गाळ मात्र ज्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने शेतात नेला, त्यांची हलकी जमीन सुधारली. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या २०१७ च्या शासकीय योजनेतही सुरुवातीला गाळ वाहून नेण्याचा भार शेतकऱ्यावरच ठेवलेला होता, आणि मला तो योग्य वाटतो. स्वतःच्या खर्चाने नेलेला गाळ कोणी रस्त्याच्या कडेला टाकत नाही.

भुसावळ, कर सल्लागार

पारोळ्याच्या भाऊंनी जे लिहिले, त्याच्या मागची कागदी बाजू सांगतो, कारण फाउंडेशनने हात आखडला की लोकांना तो कद्रूपणा वाटतो. आयकरातून सूट मिळण्यासाठी धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी कामावर लावावी लागते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम मंजुरीपत्रे सुटतात आणि जुलैत तीच माणसे निधी नाही म्हणून सांगतात. त्यात २०२३ च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जाऊ लागले. त्यामुळे काही फाउंडेशनांना इतरांना देण्यापेक्षा स्वतःच काम करणे सोयीचे वाटू लागले, हे मी माझ्या अशिलांकडे पाहिले आहे.

कंपनीचा पैसा असेल तर कंपनी कायद्याचे कलम १३५ लागते. त्यात मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करणे बंधनकारक आहे, आणि कंपनीच्या प्रशासकीय खर्चाला एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाची असली, तरी अर्ज वाचणारी माणसे ती गावच्या संस्थेच्या शिपायालाही लावतात. ज्या संस्थेला सीएसआरचा पैसा हवा, तिने सीएसआर-१ ही कंपनी खात्याकडील नोंदणी करून ठेवावी आणि १२ए (संस्थेची करसूट) व ८०जी (देणगीदाराची करसवलत) या आयकर नोंदण्यांच्या मुदती स्वतः तपासाव्यात. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते, आणि ते विसरल्यामुळे मंजूर अनुदान गेल्याची दोन उदाहरणे माझ्याच टेबलावर आहेत.

धडगाव, एका संस्थेची कार्यकर्ती

आमच्याकडे आमचूर हा उन्हाळ्याचा आधार आहे. बाया पाड्यावर कैऱ्या सोलतात, चिरतात आणि घराच्या उतारावर किंवा खडकावर वाळत घालतात. अवकाळी पावसाची एक सर आली तरी फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. एका फाउंडेशनने सौर वाळवणयंत्र देऊ केले. त्यांचे अधिकारी चांगले होते, पण यंत्र त्यांनी आधीच ठरवून आणले होते. त्यात एका वेळी जेवढ्या फोडी बसत, तेवढ्या एका घरातील दोघी जणी सकाळच्या वेळात चिरून मोकळ्या होत.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या फाउंडेशनच्या बाई आल्या. त्यांनी अर्जाचा नमुना पिशवीतच ठेवला आणि दोन दिवस पाड्यावर राहून बायांबरोबर कैऱ्या सोलल्या. बाया पावरी बोलतात. त्यांचे म्हणणे मी मराठीत सांगत गेले आणि रात्री बॅटरीच्या उजेडात अर्ज फाउंडेशनच्या बाईंनी स्वतः लिहिला. मागणी अगदी साधी निघाली : जाड ताडपत्री, चांगल्या सोलण्या, एक वजनकाटा आणि माल दोन महिने कोरडा राहील एवढी पत्र्याची खोली. सगळ्यांत जास्त उपयोग वजनकाट्याचा झाला. काटा पाड्यावर आला त्या आठवड्यात व्यापाऱ्याच्या काट्यावरचे वजन आपोआप वाढले. सौर यंत्रात सध्या एका घरी मिरच्या वाळतात.

साक्री तालुका, निवृत्त शिक्षक

पांझरेकाठच्या फड पद्धतीचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो. बंधाऱ्यावरून पाटाने येणारे पाणी फडाफडाने (शेतांच्या एकेका गटाला) देण्याची ही व्यवस्था कित्येक पिढ्या चालली, कारण पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांचे पोट लाभधारक शेतकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर चाले आणि पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरचा माणूस जाई. आमच्या गावात अनुदानातून झालेल्या नळयोजनेच्या दुरुस्तीच्या वेळी मी हेच सुचवले होते की पाणी सोडणाऱ्या माणसाचे वर्षाचे मानधन आधी गोळा करावे आणि मग पाइप आणावेत. फाउंडेशनने ते मान्य केले आणि गावाची रक्कम बँकेत दिसल्याशिवाय पहिला हप्ता दिला नाही. दोन महिने लोकांनी मला नावे ठेवली. आमच्याच तालुक्यातील बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी गावाला बरोबर घेऊन राखलेल्या जंगलाचे सर्वांनी कौतुक केले. त्या जंगलात कुऱ्हाड चालवणाऱ्याला गाव स्वतः दंड करत आले आहे, ही गोष्ट भाषणांत कमी ऐकू आली.

एरंडोल, महिला मंडळाची खजिनदार

आम्हाला बसथांब्यावरील पाणपोईसाठी अनुदान मिळाले होते. थंड पाण्याचे यंत्र दरपत्रकापेक्षा स्वस्त मिळाले, आणि सहा हजारांच्या आसपास रक्कम उरली. ती फिल्टर बदलण्यासाठी ठेवावी, असे अर्ध्या सभासदांचे मत होते, परंतु मंजुरीपत्रात तसे नव्हते, म्हणून आम्ही हिशेबासोबत ती धनादेशाने परत पाठवली. त्यांच्या लेखापालांचा दोनदा फोन आला. परत आलेली रक्कम कोणत्या रकान्यात लिहावी हे त्यांना सापडत नव्हते, आणि आमची काही नाराजी तर नाही ना, असे त्यांनी दोन्ही वेळा विचारले. फिल्टर आम्ही मंडळाच्या हळदीकुंकवाच्या पैशातून बदलतो.