नाताळचा चित्रपट म्हणून ‘टॅन्जरीन’ दाखवला आणि अर्धे प्रेक्षक नाराज झाले: चूक निवडीची की सूचनेची?

शनिवारचा खेळ (धागालेखक)

कोथरूडमधल्या आमच्या वसाहतीत एक छोटे चित्रपटमंडळ चालते. महिन्यातल्या एका शनिवारी क्लब हाऊसमध्ये पडदा लावायचा, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, चित्रपट पाहायचा आणि नंतर चहाबरोबर अर्धा तास बोलायचे, एवढाच त्याचा व्याप आहे. डिसेंबरच्या खेळासाठी ‘या वेळी काहीतरी नाताळचे दाखवा’ अशी मागणी आली आणि निवडीचे काम माझ्याकडे असल्यामुळे मी शॉन बेकर यांचा २०१५ सालचा ‘टॅन्जरीन’ निवडला. सूचनाफलकावर मी लिहिले होते, ‘लॉस एंजेलिसमधल्या नाताळच्या आदल्या दिवसाची गोष्ट, कालावधी ८८ मिनिटे’. खाली बारीक अक्षरांत ‘फक्त प्रौढांसाठी’ असेही लिहिले होते, पण ते कोणी वाचले नाही. दोन कुटुंबे नातवंडांना लाल टोप्या घालून घेऊन आली आणि त्यांना दारातूनच परत पाठवण्याचा अवघड प्रसंग माझ्यावर आला.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिन-डी ही ट्रान्स स्त्री अठ्ठावीस दिवसांच्या तुरुंगवासानंतर बाहेर येते. एका डोनटच्या दुकानात मैत्रीण अलेक्झांड्रा हिच्याबरोबर एकच डोनट वाटून खाताना तिला कळते की आपला प्रियकर, जो तिचा दलालही आहे, मधल्या काळात दुसऱ्या बाईबरोबर होता. मग ती दिवसभर त्या दोघांना शोधत शहर पालथे घालते. अलेक्झांड्रा संध्याकाळच्या आपल्या गाण्याच्या कार्यक्रमाची पत्रके वाटत फिरते. आणि राझमिक नावाचा आर्मेनियन टॅक्सीचालक घरच्या जेवणातून निसटून याच रस्त्यांवर येतो.

आमच्याकडे पस्तीसएक जण होते. पहिल्या वीस मिनिटांत शिव्या आणि धावपळ पाहून काही जण उठले, मोटार धुण्याच्या यंत्रातल्या शरीरसंबंधाच्या प्रसंगाला आणखी काही गेले. उरलेल्यांपैकी दोघातिघांनी हा गेल्या वर्षभरातला सर्वांत चांगला खेळ असल्याचे सांगितले, तर एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘मोबाइलवर काढलेला चित्रपट मोबाइलवरच बघितला असता’ असे म्हणून चहाही न घेता निरोप घेतला. समीक्षकांनी एवढा वाखाणलेला चित्रपट सर्वसाधारण प्रेक्षकांत असा दुभंग का घडवतो? आणि याला नाताळचा चित्रपट म्हणणे ही माझ्याकडून झालेली फसवणूक होती का, हे जाणकारांनी सांगावे.

तिसरा डोळा

मी जाहिरातपटांच्या छायाचित्रणात काम करतो, त्यामुळे त्या ज्येष्ठ सदस्यांच्या वाक्यापुरतेच बोलतो. हा चित्रपट आयफोन ५ एस या फोनवर चित्रित झाला ही गोष्ट खरी आहे. एकूण खर्च एक लाख डॉलरच्या आसपास होता, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचा. परंतु ‘मोबाइलवर काढला’ या शब्दांतून लग्नाच्या वरातीत हात उंच करून काढलेल्या चित्रफितीचे जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते येथे लागू नाही. फोनच्या भिंगापुढे अ‍ॅनामॉर्फिक जोडभिंग बसवले होते, ज्यामुळे चौकट चित्रपटगृहातल्यासारखी रुंद झाली. फोकस आणि प्रकाशमान आपोआप बदलू नये म्हणून ‘फिल्मिक प्रो’ हे काही डॉलरचे अ‍ॅप वापरले. फोन हातात हलू नये म्हणून एक साधी स्थिरक-मूठ घेतली. आणि काही धावती दृश्ये तर दिग्दर्शकाने स्वतः सायकलवर बसून टिपली. छायाचित्रणाचे श्रेय बेकर आणि रेडियम च्युंग यांच्याकडे आहे, संकलन बेकर यांचेच आहे.

तुमच्या सदस्यांना खुपला असेल तो रंग. गरिबीवरचा चित्रपट म्हटला की रंग उडवून सगळे राखाडी, निळसर करायचे हा आमच्या धंद्यातला जुना सराव आहे. बेकर यांनी नेमके उलटे केले आणि रंग इतके चढवले की संध्याकाळचे आकाश संत्र्याच्या सालीसारखे दिसते. यात पैशाच्या टंचाईचा काही संबंध नाही, हा सरळ सरळ निर्णय आहे, आणि तो न आवडण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे.

फोनचा खरा फायदा निराळ्याच ठिकाणी झाला. सिन-डी झालेल्या किटाना किकी रॉड्रिग्ज आणि अलेक्झांड्रा झालेल्या माया टेलर या दोघींना चित्रपटाचा अनुभव जवळजवळ नव्हता. समोर मोठा कॅमेरा, त्याच्यामागे दहा माणसे आणि वर दिव्यांचे ताटवे असले की नवखा नट आखडतो, हे मी रोज पाहतो. खिशातून निघणाऱ्या फोनपुढे तसा कोणी आखडत नाही. रस्त्यावरचे लोकही वळून पाहत नाहीत.

पायरीवरची

उठून गेलेल्यांची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून लिहिते. मी हा चित्रपट शेवटपर्यंत पाहिला आणि मला तो आवडला नाही.

पहिली गोष्ट म्हणजे कमी खर्चात केला याचे कौतुक प्रेक्षकाने का करावे, हे मला आजवर कळलेले नाही. पोळी करपली असेल तर गॅस वाचवला म्हणून कोणी ती गोड मानून खात नाही. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की सिन-डी त्या डायना नावाच्या मुलीला, म्हणजे प्रियकराबरोबर असलेल्या त्या दुसऱ्या बाईला, खोलीतून फरफटत बाहेर काढते, बसमधून आणि रस्त्यांवरून ओढत नेते, आणि चित्रपट बराच वेळ आपल्याला त्यावर हसायला लावतो. डायनाही देहविक्रयावरच जगणारी आहे. तिच्या अंगावरचे मार विनोदाच्या खात्यात आणि सिन-डीचे दुःख करुणेच्या खात्यात, ही विभागणी मला अन्याय्य वाटते. गाण्याच्या ठिकाणी स्वच्छतागृहात सिन-डी डायनाचा चेहरा रंगवून देते तो प्रसंग सुंदर आहे हे मान्य; परंतु तोवर तासभर कर्कश आवाज सहन करावा लागतो, आणि शेवटी मोटेलमधूनही त्या मुलीला हाकलले जाते तेव्हा चित्रपट तिच्याकडे ओझरते पाहून पुढे निघून जातो.

आणखी एक घरगुती कारण. संवाद अतिशय वेगवान, पक्क्या रस्त्यावरच्या बोलीतले, पडद्याखालच्या संवादांच्या पाट्या इंग्रजीत. तुमच्या मंडळात सत्तरीच्या पुढचे सदस्य असतील तर त्यांनी पाट्या वाचायच्या की चित्र पाहायचे? निम्मी नाराजी तिथेच सुरू झाली असेल आणि दोष मात्र विषयावर गेला असेल.

दूरदेशी

लॉस एंजेलिसमध्ये गेली चौदा वर्षे राहत असल्यामुळे दोन शब्द. चित्रपटातले डोनटचे दुकान कल्पनेतले नव्हते; सँटा मोनिका बुलेव्हार्ड आणि हायलँड अ‍ॅव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर ‘डोनट टाइम’ नावाचे ते दुकान खरोखर होते आणि २०१६ मध्ये ते बंद झाले. माझा कामावर जाण्याचा रस्ता तिथूनच असे. तो परिसर देहविक्रयासाठी ओळखला जात असे आणि सकाळी आठ वाजता गाडी सिग्नलला थांबली की रात्र संपवून कॉफी घेत बसलेल्या स्त्रिया काचेतून दिसत. मी कधीही काच खाली केली नाही, हेही येथे लिहून ठेवतो.

भारतात बसून पाहताना कदाचित लक्षात येणार नाही, पण या शहरात पायी चालणारा माणूस म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही तो. अंतरे इतकी लांब आणि पदपथ इतके ओसाड की सिन-डीची चाल पाहूनच तिची ऐपत समजते. राझमिकचे सगळे आयुष्य त्याच्या उलट गाडीत चाललेले आहे. नाताळाबद्दल बोलायचे तर येथे बर्फ पडत नाही. डिसेंबरच्या दुपारी लोक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरतात, आणि ताडाच्या झाडाला दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या पाहून आजही मला क्षणभर गणपतीतल्या रोषणाईचाच भास होतो. आर्मेनियन चर्चचा नाताळ तर ६ जानेवारीला असतो. त्यामुळे राझमिकच्या घरातले २४ डिसेंबरचे ते झाड आणि ते जेवण मी पाहतो तेव्हा मला ते परक्या देशात आपण चार माणसांसारखे आहोत हे दाखवण्याच्या धडपडीचा भाग वाटते. आमच्या दारातही दरवर्षी एक झाड उभे राहते, मुलीच्या हट्टाखातर, तेव्हा मी कोणाला हसणार?

जुना वाचक

धागालेखकांनी ‘फसवणूक’ हा शब्द वापरला आहे, त्यावरून एक विचार मनात आला. आपल्याकडे १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीत वाचायला काय द्यावे याची आपली एक सवय घडली आहे. फराळाच्या ताटाशेजारी ठेवलेल्या त्या अंकात दुष्काळाची कथा असते, मोडलेल्या संसाराची असते, एखादा लेख तुरुंगावर असतो; आणि यात पणत्या कुठे आहेत, असे कोणीही संपादकांना विचारत नाही. सणाचे वाचन गोडच असले पाहिजे असा आग्रह आपण धरत नाही, पडद्यावर मात्र धरतो. दिवाळी पहाटेला गायकाने एखादी उदास चीज लावली की रसिक माना डोलावतात, पण तेच चित्रपटात घडले तर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात. मला वाटते याचे कारण असे की अंक आपण एकट्याने वाचतो आणि नको ते पान उलटतो; क्लब हाऊसमध्ये मात्र शेजारी सूनबाई आणि मागे सोसायटीचे सचिव बसलेले असतात. मोटार धुण्याच्या यंत्रातला तो प्रसंग एकट्याने पाहणे आणि सचिवांच्या देखत पाहणे, हे दोन निरनिराळे चित्रपट आहेत.

अमेरिकेतही नाताळच्या चित्रपटाची व्याख्या वाटते तेवढी जुनी किंवा पक्की नाही. फ्रँक काप्रा यांचा १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ आज तिथे घरोघरी नाताळात पाहिला जातो, परंतु त्याचा नायक नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला पुलावर उभा असतो, आणि तो प्रदर्शित झाला तेव्हा तिकीटबारीवर खर्चाच्या मानाने अपेशीच ठरला होता. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करायचे राहून गेले, दूरचित्रवाणी केंद्रांना तो जवळजवळ फुकटात दाखवता येऊ लागला, आणि दर डिसेंबरला पाहून पाहून लोकांना तो आपला वाटू लागला. प्रेक्षकांची पसंती कधी कधी अशी कारकुनी चुकीतूनही जन्मते.

‘टॅन्जरीन’चे तसे होईल असे मला वाटत नाही. जानेवारी २०१५ मध्ये सनडान्स महोत्सवात तो गाजला, माया टेलर यांना पुढे इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला, तरीही अमेरिकेतली त्याची कमाई सात लाख डॉलरच्या घरातच राहिली. खर्चाच्या तुलनेत ती उत्तम होती, पण घराघरांत पोहोचणारी नव्हती. २०२५ मध्ये ‘अनोरा’ या चित्रपटासाठी बेकर यांना ऑस्कर मिळाल्यावर अनेकांनी मागे वळून हा चित्रपट शोधला, तेव्हा तुमच्या क्लब हाऊसमधली विभागणी घराघरांत पुन्हा झाली असणार.

पायरीवरची यांचा डायनाविषयीचा आक्षेप मला अर्धा पटतो. विनोद तिच्या अंगावर बेतला आहे हे खरेच आहे. पण शेवटची दहा मिनिटे पुन्हा पाहिली तर डायना मोटेलच्या बाहेर एकटी, राझमिक घरात झाडाच्या दिव्यांपुढे एकटा आणि सिन-डी व अलेक्झांड्रा या दोघी धुलाईकेंद्रात, अशी मांडणी दिसते. अलेक्झांड्राच्या गाण्याचेही तसेच आहे. दिवसभर पत्रके वाटूनही कार्यक्रमाला जवळजवळ कोणी येत नाही, आणि त्या जागेत गायला मिळावे म्हणून पैसे तिनेच मोजलेले असतात. हा सणाचाच चित्रपट आहे, कारण एरवी मंगळवारी वा बुधवारी ही रिकामी खुर्ची इतकी दिसली नसती.

पायरीवरची

जुना वाचक, गाण्याच्या प्रसंगाबाबतचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. बाकीचे माझे मत कायम आहे.

शनिवारचा खेळ (धागालेखक)

सर्वांचे आभार. पाट्यांची अडचण मला सुचलीच नव्हती. उठून गेलेल्यांपैकी दोघांना काल मुद्दाम विचारले, तेव्हा एकाने शिव्यांचे कारण दिले आणि दुसऱ्यांनी प्रांजळपणे सांगितले की पाट्या वाचून होण्याआधीच पुसल्या जात होत्या, म्हणून ते घरी जाऊन बातम्या बघत बसले. पुढच्या वेळी सूचनाफलकावर ‘प्रौढांसाठी’ हे शब्द सर्वांत वर आणि ठळक असतील, आणि चित्रपटाआधी कथेची एक मराठी टिपणी छापून खुर्च्यांवर ठेवीन. सण पाहून चित्रपट निवडण्याची पद्धत मात्र मी सोडणार नाही.

शेवटपर्यंत थांबलेल्यांत आमच्या इमारतीतल्या एक आजी होत्या, त्यांच्याविषयी लिहायचे राहिले. चित्रपटाच्या अखेरीस गाडीतून जाणारी टारगट मुले सिन-डीच्या अंगावर मूत्र फेकतात, तिचे कपडे आणि केसांचा टोप धुलाईयंत्रात टाकलेले असतात, आणि तोवर डोके उघडे राहू नये म्हणून अलेक्झांड्रा स्वतःचा केसांचा टोप काढून तिला घालायला देते. चहाच्या वेळी आजी काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “त्या दुसरीला मग बिनटोपाचंच घरी जावं लागलं असेल का हो? रात्र झाली होती ना.”