तुरीच्या गाठीतला रायझोबियम : जनुकाची सुरुवात कुठून धरू?

दारव्ह्याजवळ आमची तूर आहे. मुळावरची गाठ नखानं फोडली तर आत गुलाबी निघाली. त्या गाठीत राहून हवेतला नत्र धरणाऱ्या रायझोबियम या जिवाणूवर माझा एमएस्सीचा प्रकल्प आहे. त्याचा आरएनए (जनुकाची नक्कल) वाचून झाला, पण एकेका जनुकापुढे नक्कल सुरू झाल्यासारखी दहा-बारा टोकं दिसतात. खरं कोणतं?

उत्तर : ताई, तुटक्या आरएनएची टोकंही त्यात येतात. ताज्या आरएनएच्या ५' (सुरुवातीच्या) टोकाला तीन फॉस्फेट असतात, तुटलेल्याला बहुतेक एकच. नमुन्याचे दोन भाग करा; एकात एकफॉस्फेटवाला आरएनए खाणारं एक्सोन्यूक्लिएज हे विकर टाका. तिथं दुसऱ्या भागाच्या मानानं जे टोक उठून दिसेल, ते धरा. २०१० मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी या पोटातल्या जिवाणूच्या अशा टोकांचा नकाशा असाच निघाला.

प्रश्नकर्ती : दादा, दोन भाग केलेच नव्हते! उरलेला नमुना उणे ८० अंशांत आहे.

दुसरं उत्तर : मंग जमते. टोकाच्या मागं १० अन् ३५ अक्षरांच्या आसपास प्रवर्तकाच्या (डीएनएवर जिथून नक्कल सुरू होते त्या जागेच्या) खुणा पाहजो. ई. कोलाय या जिवाणूच्या खुणांचा साचा मात्र जसाच्या तसा लावू नको.