गौरेशचं वजन (डी विंग, फोंडा)

नाईक काका: गौरेश, काल लिफ्टमध्ये ओळखलंच नाही रे तुला. उतरवलेलं सगळं परत आलं?

गौरेश: हो ना काका. खाणं वाढवलेलं नाही, तरी काटा वर.

नाईक काका: पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की पहिला खाली कोण धावतो ते गॅलरीतून दिसतं मला 😄 तोंडावर ताबा पाहिजे!

प्रभुदेसाई बाई: काका, बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, म्हणून बोलते. चरबी नुसती साठून बसत नाही. ती लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते, त्यावरून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं साठा किती आहे ते. वजन उतरलं की लेप्टिन घटतं आणि मेंदू दुष्काळ पडलाय असंच धरून चालतो. भूक वाढवतो, शरीराचा खर्च कमी करतो. जठरातलं घ्रेलिन, म्हणजे भूक लावणारं संप्रेरक, वाढतं ते वेगळंच. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन उतरवलेल्यांना वर्षभराने पुन्हा तपासलं, तरी संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती. पोराला कशाला टोचता?

सुलभा वहिनी: मग लेप्टिनचं इंजेक्शन घेतलं की झालं ना बाई?

अमेय ३०२: टाकी भरून वाहतेय, पंप कुणीतरी बंद करा 🙏

प्रभुदेसाई बाई: १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते शोधलं, तेव्हा पुष्कळांना हेच वाटलं होतं. जन्मतःच ज्यांच्यात लेप्टिन तयार होत नाही अशा मोजक्या मुलांना गुण आलाही. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं, मेंदूच दाद देत नाही. आणखी ओतून काय होणार? गौरेश, तुझी वेर्ण्याची रात्रपाळी चालूच आहे?

गौरेश: हो. दिवसा चार-पाच तास झोप, तीही तुकड्यातुकड्यांनी.

प्रभुदेसाई बाई: तिथून सुरुवात कर. झोप तुटली की लेप्टिन कमी, घ्रेलिन जास्त, असं काही प्रयोगांत दिसलंय. डाएट नंतर बघू.

नाईक काका: म्हणजे खा खा खा आणि दोष मेंदूला!

प्रभुदेसाई बाई: तसं कुठे म्हटलं? कमरेचा घेर मोजायलाच हवा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, त्यापुढे धोका. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशांनी तर आधी. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी जास्त वाईट.

गौरेश: काका, टेप घेऊन येऊ वर? 😄

नाईक काका: चतुर्थी होऊ दे रे. नेवऱ्या संपल्या की मोज.

सुलभा वहिनी: पंप बंद केला.