सांगली स्टेशनवरून विश्रामबाग: सोबत आई आहे, उतरू कुठं?

अकोलेकर
नमस्कार. येत्या शनिवारी आईला घेऊन महाराष्ट्र एक्सप्रेसनं सांगलीला येतेय, मामेबहिणीच्या मुलीचं लग्न आहे. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढताना कठडा सोडत नाही. आम्ही दोघीच आणि सामानाचे तीन नग. हॉटेलच्या पत्त्यात 'गणपती मंदिराजवळ, सांगली-मिरज रोड, विश्रामबाग' एवढंच आहे. सांगली, विश्रामबाग आणि मिरज अशी तीन स्टेशनं दिसतात. बहीण म्हणते मिरजेला उतर, गाडी तिथं जास्त थांबते. लग्नघरातून कुणाला घ्यायला बोलावणं जिवावर येतं. काय करू?

पेठभाग
मिरज. जंक्शन आहे, रिक्षा कधीही मिळते. शहरी बसही विश्रामबागवरूनच सांगलीला जाते.

कृष्णाकाठ
ताई, तुम्ही एकट्या असता तर मीही मिरजच सांगितलं असतं. सोलापूर-पंढरपूरकडून येणाऱ्यांना तर दुसरा मार्गच नाही, ती लाईन थेट मिरजेलाच येते. पण तुम्ही पुण्याकडून येताय, म्हणजे सांगली आधी लागते आणि मिरज नंतर. पुढं जाऊन परत मागं कशाला यायचं? शिवाय मिरजेचं आवार मोठं, फलाटापासून रिक्षापर्यंत चालणंच जास्त. आईंचे गुडघे ते का सोसतील? सांगलीलाच उतरा. मधलं विश्रामबाग स्टेशन नावानं जवळचं वाटेल, पण तिथं मुख्यतः पॅसेंजर थांबते, त्याच्या भरवशावर राहू नका.

गाडी सांगलीला थोडाच वेळ थांबते, हे मात्र खरं. म्हणून किर्लोस्करवाडी गेली की बॅगा बाहेर काढा. भिलवडी गेली की आईंना चपला घालू द्या. मग नांद्रे, मग माधवनगर. माधवनगर दिसलं की दाराजवळ या, पुढचं स्टेशन सांगली. आधी आईंना उतरवा, सामान मागून. पूल चढायची वेळ आलीच तर आईंना बाकावर बसवा आणि गर्दी ओसरू द्या.

आता गणपतीचं. सांगलीत नुसतं 'गणपती मंदिर' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं येतं ते गणपती पेठेतलं, कृष्णेकाठचं, संस्थानचं देवस्थान. ते जुन्या गावात, अगदी दुसऱ्या टोकाला. तुमचं मंदिर विश्रामबागचं. रिक्षावाल्याला आधी 'विश्रामबाग' सांगा आणि मग गणपती म्हणा. भाडं बसायच्या आधी ठरवा, मीटरवर कुणी नेत नाही.

परतीच्या दिवशीही एक जपा. इथं गावात 'स्टेशन चौक' आहे, पण तिथं आता गाडी येत नाही. माझी मावशी दोन वर्षांपूर्वी घाईत रिक्षात बसली आणि नुसतं 'स्टेशन' म्हणाली. रिक्षावाल्यानं तिला स्टेशन चौकात नेऊन उतरवलं. तो काही खोटं वागला नाही, रोज सगळे तिथंच उतरतात. मावशी एका हातात हळदीची पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचं बोट धरून पुतळ्याखाली उभी, आणि तिकडं गाडी सुटायला वीस मिनिटं. मी फोनवर तिला 'तिथून हलू नको' म्हणत गाडी काढली, पण पोचेपर्यंत गाडी गेली होती. तिचा रडवेला चेहरा अजून आठवतो. 'रेल्वे स्टेशन' असं पूर्ण बोला, 'माधवनगर रोडचं' म्हणा.

अकोलेकर
किती बारकाईनं सांगितलंत! आता भीती गेली. एकच राहिलं. बहीण म्हणते, 'रिक्षा नाही मिळाली तर वडापनं ये.' वडाप म्हणजे काय?

कृष्णाकाठ
अहो, माणसं भरली की सुटते ती शेअर गाडी. आपल्या सांगली-सातारा भागात सगळे तिला वडापच म्हणतात. स्वस्त पडते, वाटेत कुठंही उतरता येतं. पण ती भरेपर्यंत थांबायचं, चौथा माणूस सरकून बसणार, सामान मांडीवर. आईंना घेऊन नको. तुम्ही एकट्या बाजारात गेलात तर खुशाल बसा.

पेठभाग
ताईंचं बरोबर आहे, आईंचं वय माझ्या लक्षातच आलं नाही. हॉटेलला आदल्या दिवशी फोन करून खालच्या मजल्याची खोली मागा. लग्नसराईत ऐनवेळी लिफ्टपाशीही गर्दी असते.

अकोलेकर
पोचलो! भिलवडीलाच आईनं चपला घातल्या आणि पर्स पोटाशी धरून बसली. सांगलीला एका कॉलेजच्या मुलानं मोठी बॅग उतरवून दिली. रिक्षावाल्या काकांना 'विश्रामबागचा गणपती' म्हटलं, तर म्हणाले, 'बरं झालं नीट सांगितलंत, नाहीतर पेठेतच नेलं असतं.' मंदिरापाशी आले तेव्हा आईनं रिक्षा थांबवायला लावली, बसल्या जागेवरून हात जोडले. काका तेवढा वेळ गाडी बंद करून थांबले. खोली खालचीच मिळाली. आई आता पाय लांब करून चहा पितेय. कृष्णाकाठ ताई, तिनं विचारलंय, तुमच्या मावशी परत सांगलीला आल्या का?

कृष्णाकाठ
आली की! गेल्या दिवाळीत आली होती. परतीला मीच तिला गाडीत बसवून दिली.